समेच्या अलीकडे

शास्त्रीय संगीत ऐकले की चित्त शांत होते, असे ज्यांच्या तोंडून मी आजवर ऐकत आलो ते सारे सज्जन, सुसंस्कृत आणि गाण्यावर मनापासून प्रेम करणारे लोक होते, आणि त्यांचा तो अनुभव खोटा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु गायकाच्या उजव्या हाताला, तंबोऱ्यापासून दीड-दोन हातांवर, तबला-डग्गा पुढ्यात घेऊन ज्याने आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे घालविली, त्या माणसाला हे संगीत शांत वाटणे शक्य नाही. त्या जागेवरून निराळेच काही दिसते. गायकाच्या मानेवरची फुगलेली शीर दिसते; मुखड्याकडे वळण्यापूर्वी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो; मांडीवर टेकलेली त्याची बोटे आवर्तनाचा हिशेब ठेवीत आहेत, की तो हिशेब त्याने सर्वस्वी माझ्या हवाली केला आहे, हेही कळते. आणि तो आपल्या हवाली झाला आहे असे ज्या क्षणी कळे, त्या क्षणापासून समेपर्यंत, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, मला जे भय वाटे, त्याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशानेही दिलेला नाही.

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. बारनिशीत चढलेला कागद भलत्याच दफ्तरात गेला तर ज्यांना अन्न गोड लागत नसे, अशांपैकी ते एक. आणि मुलाला तबल्याचा नाद लागला आहे हे ध्यानी आल्यावर त्यांनी रागे न भरता एवढेच पाहिले की, शिकायचेच असेल तर ते एखाद्या हिशेबी माणसाच्या हाताखाली व्हावे. म्हणून मी मिरजेस गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या वास्तव्याने नावारूपास आलेले ते गाव. पंढरपूरकडून आलेले भोपळे तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या दुकानांपुढे टांगलेले असत आणि तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर एकच तार छेडीत तासन् तास बसलेला असे. गुरुजींचे घर त्याच गल्लीच्या टोकाला होते. पहिली दोन वर्षे त्यांनी मला कायदा दिला नाही, रेला दिला नाही; दिले ते ठेके, आणि त्यांतही विलंबित एकतालाचा ठेका इतका, की सुटीत घरी आलो म्हणजे रात्री माझी बोटे अंथरुणावर तिरकिट वाजवीत असतात असे आई सांगे. मी वाजवीत असता गुरुजी वर्तमानपत्र उघडीत आणि सांगलीच्या पेठेतील हळदीचे भाव मोठ्याने वाचू लागत. राजापुरी हळदीची पोती किती आली, काय दराने गेली, शिल्लक किती राहिली, हे सारे ते अशा खणखणीत आवाजात वाचीत की माझ्या कानांत दुसरे काही शिरू नये, आणि मध्येच, कागदावरची नजर न काढता, विचारीत, "कितवी?" मी "नववी" म्हणावे आणि ती नववीच असावी, एवढीच त्यांची अपेक्षा असे. चूक झाली तर ते रागावत नसत. पहिल्या भावापासून पुन्हा वाचावयास लागत.

त्या वयात मला तो छळ वाटे. पुढे अतिविलंबित ख्यालाच्या साथीला प्रथमच बसलो, तेव्हा त्या वाचनाचे प्रयोजन उमगले. ही लय ज्याने हाताने अनुभवलेली नाही त्याला ती केवळ संथ वाटते. एकताल बारा मात्रांचा. परंतु ख्याल अतिविलंबितात गेला की एकेक मात्रा पाच-पाच सेकंदांची होते, तिचे मनातल्या मनात चार भाग पाडावे लागतात, म्हणजे बाराच्या अठ्ठेचाळीस होतात, आणि एक आवर्तन पुरे व्हावयास जवळजवळ एक मिनिट लागते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपत असे. म्हणजे अशी तीनच आवर्तने तीवर मावली असती. म्हणूनच मागच्या पिढीतील थोर गायकांचा जो आवाज त्या तबकड्यांनी आपल्यासाठी राखून ठेवला, त्यात त्यांचा विलंबिताचा विस्तार नाही, आणि केवळ तबकड्यांवरून त्यांची पारख करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. किराण्याचे अब्दुल वहीद खाँसाहेब आणि पुढे अमीर खाँसाहेब चौदा मात्रांचा झूमरा ज्या ठाय लयीत गात, तीत दोन ठोक्यांमधल्या अवकाशात माणसाचे मन घरी जाऊन परत येऊ शकते. साथीदाराने ते जाऊ द्यावयाचे नसते. मंडपात कोणी उठते, मूल रडते, गायकाचा एखादा स्वर काळजाला असा भिडतो की डोळे मिटावेसे वाटतात; हे सारे म्हणजे गुरुजींनी वाचलेले हळदीचे भावच होते.

आता गाणाऱ्याकडून पाहावे. तो या अठ्ठेचाळीसांच्या मैदानात आलापी करीत, एकेका स्वराची बढत करीत स्वैर फिरत असतो, पण नवव्या मात्रेचा धागे आणि दहाव्या मात्रेचा तिरकिट कानी पडताच त्याच्या चर्येत पालट होतो. घर जवळ आले असे तो तिरकिट त्याला सांगतो. तेथून पुढे धी, ना, आणि मग सम. एवढ्या अल्प अंतरात हाती घेतलेला स्वरविचार तोडल्यासारखा न वाटता पुरा करावयाचा, मुखड्याचे शब्द उच्चारावयाचे, आणि त्यातील ते एक अक्षर नेमके त्या एका ठोक्यावर आणून ठेवावयाचे. हे साधणार की नाही, याविषयी गायक, साथीदार आणि जाणता श्रोता असे तिघेही त्या तीन मात्रांत सारखेच अनभिज्ञ असतात. मुक्काम तिघांनाही ठाऊक, वाट कोणालाच नाही. संगीतातला थरार म्हणून जो काही आहे तो माझ्या मते येथे, समेच्या अलीकडे आहे. समेवर तो संपतो.

प्रत्येक घराण्याने ही वाट आपापल्या परीने अवघड करून ठेविली आहे. जयपूर-अत्रौलीचे गायक साथीदाराकडून सरळ, स्वच्छ, भरलेला ठेका मागतात. मध्ये तुकडा वाजविलेला त्यांना खपत नाही, कारण त्यांची तान लयीच्या अंगाने वळसे घेत समेला येते आणि त्या वळशाखालची भूमी सपाट असेल तरच तो दिसतो. आग्र्याच्या गायकांची तऱ्हा अशी, की ते लयीशी खेळतात, बोल वाटून घेतात, आता आलेच असे भासवून अर्धी मात्रा थांबतात, आणि साथीदारालाही त्या खेळात ओढतात. मला स्वतःला पहिला प्रकार अधिक कठीण वाटत आला. ठेका सजविणे सोपे. तो नुसता धरून राहणे ही मोठी विद्या आहे. अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांच्या एकल वादनाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे, परंतु गुरुजी सांगत ते गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांमागे त्यांनी धरलेल्या ठेक्याविषयी. एवढ्या सामर्थ्याचा पुरुष पदामागे किती थोडे वाजवीत असे, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येई.

मला हे पटावयास मात्र एक अपमान घडावा लागला. अपमान हा शब्दही योग्य नव्हे, कारण करणाऱ्याच्या मनात तो नव्हता. मी सव्वीस वर्षांचा होतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी संगीतमंडळाचा वार्षिक उत्सव होता. गावयास एक वयोवृद्ध बुवा, आग्र्याच्या तालमीचे. बडा ख्याल यथासांग झाला. मग द्रुत तीनताल सुरू झाला आणि बुवा रंगात आले. त्यांनी एक बोलतान आडीत घेतली, ती अशी, की चार मात्रांत सहा अक्षरे पडावीत, आणि तिला वळवून ते समेकडे निघाले. मी मनात आकडा मांडला आणि मला वाटले की बुवा चुकले. एक मात्रा आधीच येऊन उभे राहणार. एवढ्या सभेत त्या वृद्ध माणसाची शोभा होऊ नये, या सद्‌बुद्धीने म्हणा किंवा आपल्याला हिशेब कळतो या ताठ्याने म्हणा, मी पंधराव्या मात्रेवरून थेट समेवर उडी घेतली. माझा धा पडला तेव्हा बुवांची तान अद्याप हवेत होती. एका मात्रेनंतर ती, जेथे यावयास हवी तेथे, अगदी निर्दोष उतरली. आणि तेथे सम नव्हती. मी ती मोडून ठेविली होती.

बुवांनी चेहऱ्यावर काहीही दिसू दिले नाही. मुखडा दोनदा घोळून त्यांनी मला पुन्हा आवर्तनात घेतले आणि गाणे पुढे नेले. सभेतील निम्म्या लोकांना काही झाल्याचे कळलेही नसेल. मैफल संपल्यावर मी त्यांच्या पायांवर डोके ठेविले तेव्हा त्यांनी पानाचा डबा उघडला, विडा लावला, आणि तो मला देत म्हणाले, "तू का हललास रे? मी पडलो असतो तर उठलो असतो, तेवढी सवय आहे मला. पण खालची जमीनच सरकली तर माणसाने हात टेकावा कुठे?"

त्या रात्रीनंतर मी स्वतःशी एक कबुलायत लिहून दिल्यासारखे वागलो. गायक चुकतो आहे असे वाटले, तो चुकलाच आहे अशी खात्री झाली, तरी ठेका हलवावयाचा नाही. गाणाऱ्याने जोखीम घ्यावी असे वाटत असेल तर साथीदाराने ती घेता कामा नये. भय वाटणारच, परंतु ते मनगटाच्या अलीकडे थांबले पाहिजे, बोटांत उतरता उपयोगी नाही.

पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी मी तेथे करारावर तबलावादक म्हणून रुजू झालो. दरमहा मुक्रर वेतन, हजेरीपट, रजेचे अर्ज, आणि दफ्तराच्या सर्व रीतींत बसणारी ही कलावंताची नोकरी वडिलांना अतिशय आवडली. तेथे मला एक नवी गोष्ट शिकावयास मिळाली. ध्वनिक्षेपणाच्या खोलीत श्रोता नसतो. हार्मोनियमला आकाशवाणीवर १९४० पासून मज्जाव होता, त्यामुळे साथीला सारंगी असे; गायक, सारंगिये, तंबोऱ्यावरचा विद्यार्थी आणि मी, एवढीच माणसे, समोर घड्याळ आणि दारावर तांबडा दिवा. सम कितीही देखणी आली तरी "वाहवा" म्हणावयास कोणी नाही, आणि मान हलविण्यापलीकडे आम्हांलाही काही करण्याची मुभा नाही. आरंभी वाटे की अशा कोंदट नीरवतेत रंग भरणार कसा? परंतु भरला. काही वेळा तर बाहेरच्या मैफलीहून अधिक भरला, आणि तेव्हा माझी खात्री झाली की हा थरार टाळ्यांनी उत्पन्न केलेला नसून टाळ्या त्याच्या मागून येतात.

सतार किंवा सरोद यांची साथ हे प्रकरण निराळे. तेथे गत द्रुतातून अतिद्रुतात जाते, झाला सुरू होतो, चिकारीच्या तारा अखंड झणत्कारू लागतात, आणि तीनतालाची लय मिनिटाला तीनशे मात्रांच्या पलीकडे जाते. म्हणजे सोळा मात्रांचे आवर्तन अवघ्या तीन सेकंदांत संपते. विलंबितात जेथे आवर्तनाला एक मिनिट लागत होते तेथे आता एका मिनिटात वीस आवर्तने होतात. तबलजीला वाजवावयाचे असते ते केवळ ना धिं धिं ना. पण कोपरापासून मनगटापर्यंतचा स्नायू दोन मिनिटांत दगडासारखा होतो, आणि हात जितका बळाने हाणावा तितका अधिक लवकर दगावतो. बनारसचे अनोखेलाल मिश्र यांनी ह्याच चार बोलांवर अशी हुकमत मिळविली होती की ते नाव आणि ते बोल आमच्या धंद्यात जोडीने उच्चारले जातात. १९५८ साली ते ऐन वयात गेले. मला तेवढी गती कधीच साधली नाही आणि तशी खंतही नाही. मात्र अशा झाल्याच्या ऐन भरात, हात आता थांबणार असे वाटत असता, बोटे एकाएकी हलकी होतात आणि आपण वाजवीत नसून कोणी आपल्याकडून वाजवून घेत आहे असे भासते, ती अवस्था मी आयुष्यात पाच-सहा वेळा अनुभवली आहे. ती बोलावून येत नाही.

परंतु जी रात्र मला सर्वाधिक आठवते, तिच्यात वेग मुळीच नव्हता. डिसेंबर महिना, उघडा मंडप, रात्रभर चाललेला उत्सव, आणि शेवटच्या गाण्याला पहाटेचे पाच वाजलेले. गाणाऱ्या बाई जयपूर परंपरेतील. वय साठीच्या पलीकडचे. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावून त्यांनी ललत आरंभिला, विलंबित तीनतालात. दहिवराने तबल्याची पुडी उतरत होती. दर चार-पाच आवर्तनांनी मी डाव्या हाताने हातोडी घेऊन गजऱ्यावर हलका ठोका देई आणि उजव्या हाताने ठेका चालू ठेवी. थंडीने बोटांची अग्रे बधिर झाली होती. बाईंनी गाण्याच्या आधी एकच वाक्य सांगितले होते, "नुसता ठेका, काही भरू नका."

पाऊण तास झाला असेल. बाईंनी मंद्रातून एक तान उचलली. ती दोन्ही मध्यमांभोवती फिरत वर चढली, तार षड्‌जाला स्पर्श करून वळली, आणि आवर्तन संपत आले तेव्हा मंडपातील प्रत्येक जाणत्या माणसाने समेसाठी मान सावरून धरली. तो सम आली आणि तान तिला ओलांडून पुढे निघाली. श्वास त्यांनी कोठे घेतला हे हाताच्या अंतरावर बसलेल्या मला कळले नाही. आता परतण्याची वाट दुप्पट लांबली होती. पाचवी मात्रा, नववी मात्रा. तान अजून उतरत नव्हती, उलट एकेक नवा वळसा घेत होती, आणि माझ्या मनात तोच जुना आकडा उभा राहिला, की हे जमणार नाही, बाई अर्धी मात्रा मागे पडणार. हात आपोआप अवघडला. मी दृष्टी डग्ग्याच्या शाईवर रोखली आणि मनात हळदीचे भाव वाचावयास आरंभ केला. हे मी शब्दशः सांगतो आहे. तेरावी, चौदावी. माझ्या समोर बसलेल्या हार्मोनियमवाल्यांचा भात्यावरचा हात थांबला होता. भात्यातली हवा सरली आणि त्यांचा स्वर क्षीण होत होत विझला, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते आणि माझ्याशिवाय कोणाच्याही आले नसावे. तंबोरे तेवढे चालू होते. मग तानेच्या टोकातूनच, मध्ये सुईच्या अग्राएवढीही फट न ठेवता, मुखडा निघाला आणि त्याचे अक्षर माझ्या धावर पडले.

कोणी वाहवा म्हटले नाही. टाळी वाजली नाही. इतक्या माणसांनी कोंडून धरलेला श्वास एकाच वेळी सुटला, आणि तेवढाच आवाज मंडपात झाला. बाईंनी डोळे उघडून एकवार माझ्याकडे पाहिले आणि पुढचे आवर्तन घेतले. माझे गुरुजी त्या वेळी हयात नव्हते. घरी आल्यावर मी अंघोळ न करता प्रथम त्यांच्या तसबिरीपुढे बसलो.

आता मी वाजवीत नाही. बोटांच्या सांध्यांनी नकार दिला आहे. मैफलींना मात्र नेमाने जातो आणि श्रोत्यांत बसतो. पूर्वीपेक्षा गर्दी पुष्कळ असते, तरुण माणसे असतात, हे पाहून समाधान होते. एका गोष्टीने जीव कळवळतो. गायक किंवा वादक तिहाई घेतो. एकच तुकडा तीनदा यावयाचा आणि तिसऱ्याचा शेवट समेवर पडावयाचा, एवढा तो सरळ व्यवहार आहे. परंतु दुसरा तुकडा संपतो न संपतो तोच टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि ज्याच्यासाठी पहिले दोन आले तो तिसरा तुकडा त्या कडकडाटात बुडून जातो. सम आली की नाही हे मग कोणीच ऐकलेले नसते. काही वेळा तर व्यासपीठावरच्यांनाही ती ऐकू येत नाही. ही टाळी प्रेमाची असते, हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणूनच रसिकांना हात जोडून एवढी विनंती करतो. द्रुत तीनतालात तिहाईचा तो शेवटचा तुकडा दोन-तीन सेकंदांत संपतो. तेवढा वेळ हात मांडीवर ठेवा; धा पडू द्या, आणि मग वाजवा टाळ्या, हव्या तितक्या.